रोमन ग्रंथकारांवर विश्वास किती आणि कोणत्या बाबतीत ठेवावा?

आपण विचारलेल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे: टॅसिटस, स्वेटोनियस, लिव्ही, सीझर या रोमन इतिहासलेखकांच्या ग्रंथांची मूळ प्रत आज कोठेही नाही, ज्या हस्तलिखितांवरून आपण ते वाचतो ती बहुतेक त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी ख्रिस्ती मठांत नकलून काढलेली आहेत, शिवाय हे लेखक राज्यकर्त्या वर्गाच्या जवळचे, स्वतःचे हेवेदावे असलेले होते. मग आजचे इतिहासकार त्यांचा आधार का घेतात, आणि नीरो किंवा कॅलिगुला या सम्राटांविषयी जे सांगितले जाते त्यातले खरे किती मानावे?

यात दोन निराळे प्रश्न एकत्र आले आहेत. ग्रंथ अस्सल आहे काय, म्हणजे ज्याच्या नावावर आहे त्यानेच तो त्या काळी लिहिला काय, हा पहिला. अस्सल ग्रंथात लिहिलेले खरे आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेक प्रमुख ग्रंथांबाबत आता वादातीत आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र लेखकागणिक किंवा ग्रंथागणिकही देता येत नाही. ते विधानागणिक द्यावे लागते. लॅटिन ग्रंथ आणि शिलालेख शेजारी ठेवून वाचणे आणि शिकवणे हेच माझे काम असल्याने मी हे थोडे विस्ताराने मांडतो.

सगळेच ग्रंथ बनावट आहेत, ही शंका नवी नाही. ज्याँ आर्दुएँ हा सतराव्या-अठराव्या शतकातला फ्रेंच जेझुइट पंडित अत्यंत व्यासंगी होता, त्याने थोरल्या प्लिनीची उत्तम संपादित आवृत्ती काढली होती, आणि तरीही सिसेरो, प्लिनी व व्हर्जिल-होरेस यांच्या काही कृती वगळता बाकीचे बहुतेक प्राचीन वाङ्मय तेराव्या शतकातल्या मठवासीयांनी रचले, असे त्याचे ठाम मत होते. पुढे 1878 मध्ये जॉन विल्सन रॉस याने टॅसिटसचा ‘अ‍ॅनल्स’ हा ग्रंथ पंधराव्या शतकात पोज्जो ब्राचोलिनी या इटालियन विद्वानाने स्वतः लिहून प्राचीन म्हणून खपवला, असे प्रतिपादन केले. या ग्रंथाच्या पहिल्या सहा भागांचे एकमेव हस्तलिखित नवव्या शतकातले आहे. ते जर्मनीतील कॉर्व्हे येथील मठातून सोळाव्या शतकाच्या आरंभी रोमला आले. अकराव्या भागापासून पुढचे हस्तलिखित अकराव्या शतकातले, माँते कासिनोच्या मठातले आहे. दोन्ही आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहेत, आणि त्यांच्या लिपीची वळणे पोज्जोच्या काळाच्या कितीतरी आधीची आहेत. लिपीच्या पुराव्यावर ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांच्यासाठी दुसरा पुरावा जमिनीतून वर आला आहे. ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ विंदोलांदा येथे 1973 पासून सापडत असलेल्या पातळ लाकडी पट्ट्यांपैकी एकीवर इसवी सन 100 च्या सुमारास कोणीतरी रोमन कवी व्हर्जिलची एक ओळ गिरवलेली आहे; इस्रायलमधील मसादा किल्ल्यावर रोमन वेढ्याच्या काळातल्या पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या, तुकड्यावर त्याचीच दुसरी ओळ आहे; पाँपेईच्या भिंतींवर त्याच्या ‘ईनिड’ या महाकाव्याचे पहिले शब्द ठिकठिकाणी खरडलेले आहेत. हे सर्व मध्ययुगीन मठवासीयाने जमिनीखाली पेरून ठेवले असे म्हणणे शक्य नाही.

यापेक्षाही निर्णायक, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण विषयातला सर्वांत बोधप्रद पुरावा लियाँ शहरात आहे. ‘अ‍ॅनल्स’च्या अकराव्या भागात टॅसिटस सांगतो की इसवी सन 48 मध्ये गॉल प्रांतातल्या प्रतिष्ठित पुढाऱ्यांना सिनेटचे सदस्यत्व द्यावे की नाही यावर वाद झाला आणि सम्राट क्लॉडियसने त्यांच्या बाजूने भाषण केले. ते भाषणही तो देतो. ग्रंथाचा हा भाग व्हेनिसमध्ये 1470 च्या सुमारास छापला गेला. त्यानंतर 1528 मध्ये लियाँच्या टेकडीवर ब्राँझचा एक मोठा पत्रा सापडला, आणि त्यावर याच भाषणाची समकालीन अधिकृत प्रत कोरलेली निघाली. क्लॉडियस स्वतः लियाँचा, म्हणजे तेव्हाच्या लुग्दुनुमचा, जन्मलेला. त्यामुळे तेथील लोकांनी हे भाषण ब्राँझवर कोरून ठेवणे अगदी स्वाभाविक होते. पुस्तक आधी छापले गेले आणि पुरावा मागाहून मिळाला, यामुळे बनावटीचा आरोप येथेच संपतो. पण पत्र्याचे खरे मोल पुढे आहे. प्राचीन इतिहासकार आपल्या पात्रांच्या तोंडी भाषणे घालतात हे सर्वांना माहीत असते. त्या भाषणांचे मूळ आणि त्यांची साहित्यिक आवृत्ती दोन्ही हाती असण्याचा योग मात्र फार दुर्मीळ आहे.

दोन्ही शेजारी ठेवून वाचली की टॅसिटसची कार्यपद्धती उघड होते. पत्र्यावरचा क्लॉडियस पाल्हाळिक आहे. नवीन गोष्टीला बिचकू नका, असे सांगून तो रोमच्या राजांच्या इतिहासात शिरतो: नूमा साबाइन लोकांतून आला, तार्क्विनियसचा बाप कॉरिंथचा होता, आणि सर्व्हियस टुलियसविषयी तर एत्रुस्कन, म्हणजे रोमच्या उत्तरेकडच्या जुन्या शेजारी लोकांतले, लेखक असे सांगतात की त्याचे मूळचे नाव मास्तार्ना होते आणि तो केलियस विवेन्ना या सरदाराचा विश्वासू साथीदार होता. मध्येच तो आपल्या ब्रिटनवरच्या विजयाचा उल्लेख करतो आणि आपण बढाई मारतो आहोत असे वाटू नये म्हणून स्वतःलाच आवरतो. एका जुन्या शत्रूचे नाव न घेता त्याला शिव्या घालतो. मग पत्र्यावर असे वाक्य येते की, टायबेरियस सीझर जर्मॅनिकस (ही क्लॉडियसचीच नावे), आता तुझ्या भाषणाचा रोख कोठे आहे हे सभासदांना उघड करण्याची वेळ आली आहे. हे क्लॉडियसने स्वतःला उद्देशून म्हटले की कोणा सिनेटरने मध्येच टोकले आणि लेखनिकाने तेही टिपून घेतले, यावर आजही मतभेद आहेत. टॅसिटसने यातले काय ठेवले? मध्यवर्ती युक्तिवाद ठेवला: रोम बाहेरच्यांना सामावून घेतच मोठा झाला, गॉलशी झालेले युद्ध जुने असून त्यानंतरची निष्ठा अखंड आहे. पाल्हाळ त्याने कापले, क्रम बदलला, भाषण निम्म्याहून लहान केले, स्पार्टा आणि अथेन्स यांचा दाखला घातला, जो पत्र्याच्या उपलब्ध भागात नाही; आणि नावीन्याचा जो मुद्दा क्लॉडियसने आरंभी मांडला होता तो शेवटी नेऊन त्याला धार दिली. म्हणजे शब्द टॅसिटसचे, धोरण आणि युक्तिवाद क्लॉडियसचा. एखाद्या आधुनिक वृत्तपत्राने अवतरणचिन्हांत असे छापले असते तर आपण त्याला लबाडी म्हटले असते. पण त्या काळच्या लेखनसंकेतानुसार वाचकालाही हे ठाऊक होते की इतिहासग्रंथातली भाषणे शब्दशः नसतात. टॅसिटसने सिनेटची कागदपत्रे पाहिली होती, किंवा ज्याने पाहिली होती त्याचा ग्रंथ त्याच्यापुढे होता, एवढे यातून नक्की कळते.

या प्रसंगाला आणखी एक शेपूट आहे, आणि ते मला विशेष महत्त्वाचे वाटते. मास्तार्नाची हकिकत लिव्हीमध्ये नाही. रोमच्या आरंभीच्या राजांबद्दल जी परंपरा आपण शाळेपासून वाचतो तिच्यात ती बसत नाही. क्लॉडियसने एत्रुस्कनांचा वीस भागांचा इतिहास लिहिला होता, तोही नष्ट झाला. टॅसिटसने भाषणातून ही माहिती गाळली, पण ‘अ‍ॅनल्स’च्या चौथ्या भागात रोममधल्या केलियन टेकडीच्या नावाची उपपत्ती देताना त्याच एत्रुस्कन सरदाराचा उल्लेख केला; टॅसिटसचे आधुनिक अभ्यासक रोनल्ड साइम यांच्या मते ही माहिती त्याने क्लॉडियसच्या भाषणातूनच उचलली असावी. आणि 1857 मध्ये वुल्ची येथे उघडलेल्या एका एत्रुस्कन थडग्याच्या भिंतीवर मास्तार्ना आपल्या मित्राच्या, केलियस विवेन्नाच्या, हातांचे बंध कापतो आहे असे चित्र निघाले, दोघांची नावे एत्रुस्कन लिपीत शेजारी लिहिलेली. ते चित्र इसवी सनपूर्व चौथ्या शतकातले, म्हणजे क्लॉडियसच्याही सुमारे चारशे वर्षे आधीचे. सर्व्हियस टुलियस हाच मास्तार्ना, हे त्याने सिद्ध होत नाही. परंतु ज्याला प्राचीन लेखकांनी स्वतःच विक्षिप्त पढतमूर्ख ठरवले होते त्या सम्राटाने सिनेटमध्ये जे सांगितले ते मनचे नव्हते, त्याला एत्रुस्कन परंपरेचा खरा आधार होता, हे मान्य करावे लागते.

दुसरे असेच उदाहरण पिसोच्या खटल्याचे. इसवी सन 19 मध्ये सम्राट टायबेरियसचा दत्तक पुत्र जर्मॅनिकस सीरियात मरण पावला आणि तेथील सुभेदार पिसो याच्यावर विषप्रयोगाचा संशय घेतला गेला. रोममध्ये खटला चालू असताना पिसोने आत्महत्या केली. टॅसिटसचे हे वर्णन इतके नाट्यमय आहे की विसाव्या शतकातले अनेक अभ्यासक त्यातला बराचसा रंग त्याच्या टायबेरियसद्वेषाचा मानत असत. मग दक्षिण स्पेनमध्ये ब्राँझच्या पत्र्यांचे तुकडे मिळाले आणि 1996 मध्ये त्यांचे संपूर्ण संपादन प्रसिद्ध झाले: तो याच खटल्याबाबतचा सिनेटचा ठराव होता, त्यावरील तारीख 10 डिसेंबर, इसवी सन 20. पिसोच्या बायकोवर, प्लांकिनावर, गंभीर आरोप असतानाही सम्राटाच्या आईच्या, लिव्हियाच्या, विनंतीवरून तिला सोडण्यात आले, असे टॅसिटस लिहितो, आणि टायबेरियसला ते सांगताना लाज वाटत होती असेही म्हणतो. ठराव तीच गोष्ट उघडपणे, किंबहुना कृतज्ञतेने नमूद करतो. वस्तुस्थिती जुळली, लाज वाटली की नाही हे ठरावावरून कळत नाही, ते टॅसिटसचे निदान आहे. उलट कालक्रमात टॅसिटस अडचणीत येतो, कारण त्याच्या मांडणीनुसार खटला त्या वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरीस झालेल्या एका मिरवणुकीच्या आधी संपतो, तर ठराव डिसेंबरचा आहे. कथानकाच्या सोयीसाठी त्याने क्रम बदलला, की ठराव जाहीर व्हायलाच उशीर झाला, यावर बरेच लिहिले गेले आहे आणि मला पहिली शक्यता अधिक पटते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कोरलेला लेख सापडला म्हणजे सत्य सापडले आणि ग्रंथकार खोटा ठरला, असे गणित पुष्कळ जण मांडतात. तो ठराव सत्तेने स्वतःच्या गौरवासाठी प्रांताप्रांतांत आणि लष्करी छावण्यांत लावायला सांगितलेला मजकूर होता. ऑगस्टसचे आत्मकथन अंकाऱ्याच्या मंदिराच्या भिंतीवर आजही वाचता येते. त्यात ज्यांच्याशी त्याने यादवी युद्धे केली त्यांपैकी एकाही प्रमुख प्रतिस्पर्ध्याचे नाव नाही, आणि सेक्स्टस पाँपेयसविरुद्धच्या युद्धाला तो चाच्यांचा बंदोबस्त म्हणतो. दगड समकालीन असतो, निःपक्षपाती असतोच असे नाही. मराठी वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला भेद परिचित आहे. पण अस्सल कागदही कोणीतरी कोणत्यातरी हेतूने लिहिलेला असतो.

आधुनिक दृष्टिकोन एकाच दिशेने सरकत आलेला नाही. लोरेन्झो व्हाल्ला याने 1440 मध्ये कॉन्स्टंटाइनचे म्हणून दाखवले जाणारे दानपत्र भाषेच्या पुराव्यावरून बनावट ठरवले, तेथून पाठचिकित्सेची शिस्त रुजू लागली. 1738 मध्ये लुई द बोफोर याने रोमच्या पहिल्या पाच शतकांचा इतिहासच अनिश्चित आहे असे दाखवले, आणि 1811 पासून जर्मन इतिहासकार नीबूर याने लिव्हीमागची जुनी साधने शोधण्याचा प्रयत्न केला. जर्मन विद्वान मॉमसेनच्या पुढाकाराने 1853 मध्ये लॅटिन शिलालेखांच्या महासंग्रहाचे काम सुरू झाले आणि ग्रंथांना तपासण्याचे स्वतंत्र साधन हाती आले. 1889 मध्ये हेर्मान डेसाऊने ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या सम्राटांच्या चरित्रसंग्रहाबाबत जे दाखवले ते साधनचिकित्सेचे आदर्श उदाहरण आहे: हा संग्रह सहा लेखकांनी डायोक्लेशियन आणि कॉन्स्टंटाइन यांच्या काळात लिहिल्याचा दावा करतो, पण त्यातली नावे आणि संदर्भ चौथ्या शतकाच्या अखेरचे आहेत, आणि सहाही लेखक एकच व्यक्ती आहेत. त्यातली शंभरावर पत्रे आणि दस्तऐवज बहुतांशी रचलेले आहेत. बनावट म्हणून जो ग्रंथ खरोखर दाखवता येतो तो हा. तीच कसोटी टॅसिटसला लावली तर तो टिकतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाइझमन, वुडमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी रोमन इतिहासलेखन हे वक्तृत्वशास्त्राचे अपत्य आहे, त्यात संभाव्य तपशील कल्पनेने भरणे गैर मानले जात नसे, यावर भर दिला. हा मुद्दा योग्य आहे, पण तो ताणून ‘सगळीच रचना’ या निष्कर्षापर्यंत नेला की ब्राँझचे पत्रे आड येतात.

रोमच्या आरंभीच्या काळाबाबत संशय सर्वाधिक रास्त आहे. लिव्हीने लिहिले ते घटनांनंतर पाचशे ते सातशे वर्षांनी, आणि नगरस्थापनेपूर्वीच्या कथांना आपण दुजोराही देत नाही व त्या खोडूनही काढत नाही, असे तो प्रस्तावनेतच सांगतो. त्याच्या 142 भागांपैकी 35 उरले आहेत. तरीही राजेशाही ही निव्वळ दंतकथा, हे एकेकाळचे मत टिकले नाही. 1899 मध्ये जाकोमो बोनीने रोमच्या फोरममध्ये काळ्या फरशीखाली जो इसवी सनपूर्व सहाव्या शतकातला लेख उघड केला त्यात ‘राजा’ असा शब्द आहे, आणि 1977 मध्ये सात्रिकुम येथे सापडलेल्या इसवी सनपूर्व 500 च्या आसपासच्या लेखात पुब्लियस व्हॅलेरियस या नावाच्या माणसाचे अनुयायी नमूद आहेत, जे परंपरेनुसार प्रजासत्ताकाच्या एका आद्य कॉन्सलचे, म्हणजे दर वर्षी निवडल्या जाणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्याचे, नाव आहे. ल्युक्रिशियावर झालेला अत्याचार, पुलावर एकट्याने शत्रूला रोखणारा होरेशियस हे सर्व मात्र यामुळे इतिहास ठरत नाही. सांगाडा आणि मांस यांचा पुरावा वेगवेगळा मागितला पाहिजे.

आता नीरो आणि कॅलिगुला. इसवी सन 64 च्या जुलैत रोमला आग लागली तेव्हा नीरो अँटियमला होता, असे टॅसिटस स्पष्ट लिहितो. परत आल्यावर त्याने बेघरांसाठी मार्स मैदान, अग्रिप्पाच्या इमारती आणि स्वतःचे बाग खुले केले, ऑस्टियाहून सामान आणवले, धान्याचा भाव उतरवला, हेही टॅसिटसच सांगतो. आगीच्या वेळी नीरोने ट्रॉयच्या विनाशाचे गीत गायले ही त्याच्या मते पसरलेली अफवा होती, आणि आग अपघाताने लागली की सम्राटाच्या कारस्थानाने, याबाबत लेखकांत दोन्ही मते आहेत असे तो नोंदवतो. स्वेटोनियस तीच अफवा घटना म्हणून मांडतो आणि गाण्याची जागाही सांगतो. तिसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार डिओ कॅसियस याचा त्या भागाचा मजकूर तर आपल्याला मुख्यतः अकराव्या शतकातल्या झिफिलिनसने केलेल्या सारांशातून मिळतो. तीन साक्षीदार आहेत असे वाटते, पण प्रत्यक्षात एकाच कुजबुजीचे तीन टप्पे आहेत. जसजसा लेखक घटनेपासून दूर जातो तसतशी अफवेची वस्तुस्थिती होते. उलट हेच लेखक आपल्याच मताला मुरड घालणारा पुरावाही राखून ठेवतात: नीरोच्या थडग्यावर लोक वर्षानुवर्षे फुले वाहत होते हे स्वेटोनियसनेच लिहून ठेवले आहे. ज्या लेखकाला आपले मत पुढे रेटायचे असते तो स्वतःच्या गैरसोयीची गोष्ट सांगतो, तेव्हा त्या गोष्टीचे वजन वाढते.

कॅलिगुलाने घोड्याला कॉन्सल केले, हे कोणत्याही रोमन लेखकाने लिहिलेले नाही. स्वेटोनियस म्हणतो की त्याचा तसा विचार होता असे सांगतात. डिओच्या म्हणण्याप्रमाणे त्याने तसे वचन दिले होते. नेमणूक झाली ती आपल्या काळच्या पुस्तकांत. कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरल्याची कथाही अशीच: एकाही प्राचीन लेखकाच्या ग्रंथात ती नाही. रोमन ग्रंथांच्या विश्वासार्हतेवर बोलताना ज्या गोष्टींसाठी त्यांना खोटे ठरवले जाते त्यांपैकी काही त्यांनी कधी लिहिल्याच नव्हत्या, याचे मला फार वाईट वाटते, कारण मूळ उताऱ्याचे भाषांतर उघडून पाहायला फारसा वेळ लागत नाही. आणि जे अतिशयोक्त वाटते ते नेहमी अतिशयोक्तच असते असेही नाही. नीरोच्या सुवर्णप्रासादात अहोरात्र फिरणारे गोल भोजनगृह होते, हे स्वेटोनियसचे विधान कित्येकांनी झटकून टाकले होते. 2009 मध्ये पॅलाटाइन टेकडीवर जाड मध्यवर्ती खांब असलेल्या गोलाकार बुरुजाचे अवशेष निघाले आणि उत्खनन करणाऱ्यांनी ते याच भोजनगृहाचे असावेत असे मत मांडले.

आकड्यांबाबत माझा सल्ला कठोर आहे: सैन्याचे आणि मृतांचे आकडे सहसा घेऊ नयेत. सीझर हेल्व्हेशियन लोक आणि त्यांचे साथीदार यांची एकूण संख्या 3,68,000 देतो आणि त्याने वेढलेल्या अलेसिया या गॉलमधल्या गडाला मदतीस आलेले सैन्य सुमारे अडीच लाख सांगतो. एवढ्या माणसांचा अन्नपुरवठा त्या प्रदेशात होणे शक्य नव्हते, हे हान्स डेलब्रुक यांनी पूर्वीच दाखवून दिले. पण त्याच सीझरने अलेसियाभोवतीच्या वेढ्याचे जे वर्णन केले आहे ते तिसऱ्या नेपोलियनच्या 1860 च्या दशकातल्या आणि नंतर 1991 ते 1997 मधल्या फ्रेंच-जर्मन उत्खननांत बहुतांशी खरे ठरले: दुहेरी तटबंदी, खंदक, टोकदार खुंट्यांचे लपवलेले खड्डे सापडले. फरक इतकाच की सीझर सगळीकडे एकसारखी रचना होती असे भासवतो आणि जमिनीत मात्र ती जागेनुसार बदलते. शत्रू किती होते हे सांगताना त्याला रोममधल्या मतदारांवर छाप पाडायची होती. खंदक किती रुंद होता यात खोटे बोलून त्याला फारसे मिळणार नव्हते आणि तेथे खंदक खणणारे हजारो सैनिक जिवंत होते.

लेखकाची चूक आणि नकलनवीसाची चूक वेगळी ओळखता आली पाहिजे. धाकट्या प्लिनीने व्हेसुव्हियसच्या उद्रेकाचे जे वर्णन टॅसिटसला पत्रांतून कळवले ते इतके अचूक आहे की ज्वालामुखीशास्त्रात त्या प्रकारच्या उद्रेकाला त्याचेच नाव मिळाले. तारीख मात्र हस्तलिखितांत 24 ऑगस्ट अशी आहे, आणि 2018 मध्ये पाँपेईतल्या एका घरात 17 ऑक्टोबरची कोळशाने केलेली नोंद मिळाल्यावर उद्रेक शरद ऋतूत झाला या मताला बळ आले. त्या नोंदीत वर्ष नाही, म्हणून वाद मिटलेला नाही. पण रोमन तारखा आकड्यांत आणि संक्षेपांत लिहिल्या जात, आणि नकलताना बिघडणाऱ्या गोष्टींत त्या अग्रभागी असतात. याउलट टॅसिटस येशूला मृत्युदंड देणाऱ्या पाँटियस पायलट या सुभेदाराला प्रोक्युरेटर म्हणतो, तर कैसरिया येथे 1961 मध्ये मिळालेल्या लेखात त्याचे पद प्रीफेक्ट असे कोरलेले आहे. ही नकलनवीसाची चूक मानण्याचे कारण नाही. टॅसिटसने स्वतःच्या काळातले पदनाम मागच्या काळाला लावले.

शेवटी एक उदाहरण आपल्या भूमीचे, कारण रोमन साम्राज्यातल्या लेखनात महाराष्ट्र थेट येतो. थोरला प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खेचून घेतो. हे नीतिवाद्याचे कण्हणे म्हणून सोडून दिले जात असे. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आता व्हिएन्नात असलेल्या एका पपायरसवर केरळच्या मुझिरिस बंदरातून निघालेल्या ‘हर्मापोलॉन’ नावाच्या जहाजाच्या मालाची किंमत आहे, आणि ती सत्तर लाख सेस्टर्सच्या घरात जाते. एका जहाजाची ही किंमत, आणि भूगोललेखक स्ट्रॅबोच्या सांगण्याप्रमाणे त्याच्या काळी एका बंदरातून 120 जहाजे भारताकडे निघत. तेव्हा पाच कोटी हा आकडा अवास्तव मोठा नाही. मात्र पपायरसातली किंमत इजिप्तमधल्या करआकारणीची आहे आणि प्लिनी बाहेर जाणाऱ्या पैशाविषयी बोलतो, शिवाय माल रोममध्ये शंभरपटीने विकला जातो असेही तोच म्हणतो. दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. एकाने दुसरा सिद्ध किंवा असिद्ध होत नाही, फक्त त्याची शक्यता वाढते. याच प्लिनीच्या ग्रंथात भारतातल्या कुत्र्याच्या तोंडाच्या माणसांचीही हकिकत आहे, जी त्याने जुन्या ग्रीक पुस्तकांतून घेतली होती, आणि स्पेनमधल्या सोन्याच्या खाणींत पाण्याच्या लोंढ्याने डोंगर कसे पाडत याचे वर्णन आहे, जे लास मेदुलास येथे आजही जमिनीवर पडताळून पाहता येते.

एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस हे पहिल्या शतकातल्या, इजिप्तमध्ये राहणाऱ्या ग्रीकभाषक व्यापाऱ्याचे टिपण तर याहून महत्त्वाचे आहे. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि ग्रंथ प्रामुख्याने हायडेलबर्ग येथील दहाव्या शतकातल्या एकाच हस्तलिखितावर टिकून आहे. त्यात बारिगाझा म्हणजे भडोच, कल्लिएना म्हणजे कल्याण, सेमिल्ला म्हणजे चौल, पैथाना म्हणजे पैठण आणि तगर म्हणजे तेर यांचे उल्लेख आहेत. भडोचच्या राजाचे नाव हस्तलिखितात बिघडलेले आहे, पण तो क्षत्रप नहपान असावा हे बहुतेक मान्य झाले आहे. नाशिकच्या लेण्यांतले त्याच्या जावयाचे, उषवदाताचे, लेख आणि 1906 मध्ये जोगळटेंभी येथे मिळालेली नहपानाची तेरा हजारांवर नाणी, ज्यांपैकी बहुसंख्य गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारून वापरात आणली होती, यांमुळे त्याचा काळ आणि सातवाहनांशी असलेला संघर्ष स्पष्ट होतो. कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, हे पेरिप्लसचे विधान या संघर्षाच्या पार्श्वभूमीवर अगदी चपखल बसते.

त्या व्यापाऱ्यावर किती भरवसा ठेवायचा, हे तो कोठे उभा होता यावर ठरते. नर्मदेच्या मुखात भरती किती अकस्मात आणि किती गर्जनेसह चढते, तळ उघडा पडलेली खाडी पाहता पाहता कशी भरते, राजाने नेमलेले स्थानिक कोळी नावा घेऊन परदेशी जहाजांना आत आणण्यासाठी कसे पुढे येतात, हे तो एखाद्या खलाशाच्या बारकाईने सांगतो, आणि तेथे त्याच्यावर भिस्त ठेवायला मला काहीही अडचण वाटत नाही. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर आणि तेर तेथून पूर्वेला दहा दिवसांवर आहे, हे मात्र त्याने बंदरात माल घेऊन येणाऱ्या गाडीवानांकडून ऐकले असावे: तेर पैठणच्या आग्नेयेला आहे, तरीही गाडीच्या चालीने दहा दिवसांचे अंतर बरोबर लागते. म्हणून दिशा सोडून द्यावी आणि दिवस ठेवावेत. गंगेच्या मुखाअलीकडच्या घोडतोंड्या आणि नरभक्षक लोकांपर्यंत तो पोचतो तेव्हा तो स्वतः तेथे गेलेला नव्हता, आणि त्या परिच्छेदांवर आज कोणीही भूगोलाची उभारणी करत नाही.